दुसरा प्रयोग : मुंबईतल्या एका पियानो ट्रिओची कार्यक्रमनिवड

फॅनी हेन्सेल या जर्मन रचनाकर्तीचा डी मायनर या स्वरपट्टीतला पियानो ट्रिओ गेल्या हिवाळ्यात मुंबईत तीन ठिकाणी वाजला. आधी विलेपार्ल्यातल्या एका घरी, मग दादरच्या एका शाळेच्या सभागृहात आणि शेवटी वांद्र्याच्या एका चर्चच्या हॉलमध्ये. वाजवणारे तिघे तेच: व्हायोलिन, चेलो आणि पियानो. तिघांचेही पोटापाण्याचे उद्योग वेगळे, संगीत हौसेचं, पण तालीम मात्र नेमानं. कार्यक्रम काय ठेवायचा हे ठरवण्याचं काम माझ्याकडे होतं. फारशी वाजवली न जाणारी पाश्चात्त्य शास्त्रीय रचना शोधायची कशी, ती कार्यक्रमात बसवायची कुठे, आणि मुख्य म्हणजे एकदा वाजवून झाल्यावर तिचं पुढे काय करायचं, हे प्रश्न मुंबईत दुसऱ्या कुणालाही पडू शकतात. म्हणून ही सगळी हकिगत सविस्तर मांडते आहे.

आमच्या कार्यक्रमांत हेडन, मोत्सार्ट, बेथोव्हेन, ब्राम्स हीच नावं आलटून पालटून येत. त्यांच्याबद्दल तक्रार कुणाचीच नव्हती. पण आमच्या व्हायोलिनवादकानं फ्लोरेन्स प्राइस यांची कथा वाचली आणि तालमीच्या मध्यंतरात ती आम्हाला सांगितली, तिथून विचार सुरू झाला. १५ जून १९३३ रोजी शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रानं फ्रेडरिक स्टॉक यांच्या संचालनाखाली प्राइस यांची ई मायनरमधली पहिली सिम्फनी सादर केली. एका कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीची सिम्फनी मोठ्या ऑर्केस्ट्रानं वाजवण्याची ती पहिलीच वेळ. १९५३ साली प्राइस वारल्या. पुढे २००९ मध्ये इलिनॉय राज्यातल्या सेंट ॲन या गावाजवळ एका पडीक घरात कागदांचे गठ्ठे सापडले. ते एके काळी त्यांचं उन्हाळी घर होतं. त्या गठ्ठ्यांत दोन व्हायोलिन कन्चेर्टो होते आणि अख्खी चौथी सिम्फनी होती.

म्हणजे या बाईंना संधी मिळालीच नव्हती असं नाही. शिकागोसारख्या शहरात, नावाजलेल्या ऑर्केस्ट्राकडून पहिला मान मिळाला होता. कमी पडले ते पुढचे प्रयोग. मराठी माणसाला हे पटवून द्यायला फार शब्द खर्चावे लागत नाहीत. नाटक उभं राहतं ते शुभारंभाच्या प्रयोगावर नाही, पंचविसाव्या आणि पन्नासाव्या प्रयोगावर, हे शिवाजी मंदिराच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं. संगीतरचनेचंही तसंच आहे. आमच्या निवडीला त्यातून एक अट मिळाली: जी रचना घेऊ ती निदान तीनदा, वेगवेगळ्या लोकांपुढे वाजवायची. तेवढी तयारी नसेल तर घ्यायचीच नाही.

या अटीनं शोधाची दिशाच बदलली. सुरुवातीला मी नावांची यादी करत होते आणि ती वाढतच चालली होती. ग्वादलूपमध्ये १७४५ साली जन्मलेले जोसेफ बोलोन्य, म्हणजे शेव्हालिए द सँ-जॉर्ज, ज्यांनी हेडनच्या ‘पॅरिस’ सिम्फनींचं संचालन केलं. सिएरा लिओनच्या डॉक्टरांचा लंडनमध्ये वाढलेला मुलगा सॅम्युअल कोलरिज-टेलर. १८४२ ते १८७३ पर्यंत पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत पियानो शिकवणाऱ्या लुईझ फारांक, ज्यांनी आपल्या नोनेटच्या, म्हणजे नऊ वाद्यांच्या रचनेच्या, यशानंतर पुरुष सहकाऱ्यांइतका पगार मागून घेतला. प्रत्येकाची गोष्ट अशी की वाचत बसावं. पण फारांक यांच्या ज्या ट्रिओवर माझा जीव जडला होता त्याला बासरी लागते, आणि आमच्याकडे पाश्चात्त्य बासरी वाजवणारं कुणी नाही. नावापासून सुरुवात केली की असं होतं. मग उलट्या बाजूनं निघाले: आपल्याकडे वाद्यं कोणती, कोणाचा हात किती चालतो, तालमीला किती वेळ मिळतो, कार्यक्रम किती मिनिटांचा. एवढं पक्कं केल्यावर यादी आपोआप हाताळण्याजोगी झाली.

शोधताना नावांचा एक घोळ सतत आडवा येतो. एमी बीच यांच्या जुन्या प्रकाशनांवर ‘मिसेस एच. एच. ए. बीच’ असं छापलेलं असतं, म्हणजे नवऱ्याची आद्याक्षरं माहीत नसतील तर बाई सापडणारच नाहीत. रिबेका क्लार्क यांनी १९१८ मध्ये एका कार्यक्रमात स्वतःची एक रचना ‘अँथनी ट्रेंट’ या नावाखाली ठेवली होती. हेन्सेल यांचं तर काही काम भावाच्या नावात अडकलेलं. फेलिक्स मेंडेल्सोनच्या ऑपस ८ आणि ऑपस ९ या गीतसंग्रहांत प्रत्येकी तीन गाणी खरं तर फॅनीची आहेत. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियानं फेलिक्सपुढे त्याचं म्हणून एक आवडतं गाणं म्हणून दाखवलं, तेव्हा ते बहिणीचं असल्याचं त्याला कबूल करावं लागलं. लग्नानंतर मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलणाऱ्या आपल्या घरांत वाढलेल्यांना यात नवल वाटू नये. व्यवहाराची गोष्ट एवढीच, की माहेरचं, सासरचं, टोपण, आणि भावाचं किंवा नवऱ्याचं, अशा सगळ्या नावांनी शोध घ्यायचा. आयएमएसएलपी या ऑनलाइन संग्रहावर जुन्या छापील प्रती मोफत मिळतात. जर्मनीत कासेलची फुरोरे ही प्रकाशनसंस्था १९८६ पासून फक्त स्त्रियांच्याच रचना छापते. तिची सूची चाळली तरी एका वर्षाचा अभ्यास होतो.

सगळ्यात मोठा धक्का मात्र घराजवळ बसला. मला या कार्यक्रमात मुंबईचं काहीतरी हवंच होतं. वॉल्टर कौफमन हे बोहेमियातले ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईत आले, इथे त्यांनी मोजक्या वादकांच्या संगीतासाठी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली, आणि १९३७ ते १९४६ ते आकाशवाणीवर होते. आकाशवाणीची जी धून ऐकत आपल्या आजी-आजोबांची सकाळ व्हायची, तिचं श्रेय त्यांना दिलं जातं. पुढे ते कॅनडात आणि तिथून अमेरिकेत गेले. मुंबईत जन्मलेले वनराज भाटिया आपल्याला ठाऊक असतात ते श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांमुळे, पण ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकले होते, आणि पियानोसाठी व ऑर्केस्ट्रासाठीही त्यांनी लिहिलं. अँथनी गोन्साल्विस यांचं नाव एका गाजलेल्या हिंदी गाण्यामुळे पोराटोरांच्या तोंडी आहे. मूळचे गोव्यातल्या माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक सिनेमाच्या वाद्यवृंदात रमले, प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले, आणि १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारून रागांवर आधारलेल्या रचना झेव्हियर्स कॉलेजच्या प्रांगणात सादर केल्या.

बर्लिनमध्ये १८४७ साली वाजलेल्या ट्रिओची प्रत मला घरबसल्या, चहा निवायच्या आत मिळाली. झेव्हियर्सच्या प्रांगणात वाजलेल्या रचनेचा एकही कागद माझ्या हाती आला नाही. कारण साधं आहे. हेन्सेलचा ट्रिओ १८५० मध्ये, ती गेल्यानंतर का होईना, लाइपझिगच्या ब्राइटकोप्फ उंड हेर्टेलनं छापला. जे छापलं गेलं ते उरलं. आपल्या शहरातली ही माणसं वाजवत होती, लिहीत होती, पण त्यांच्या वह्या छापणारं इथे कुणी नव्हतं. मुंबईत आज कुणाच्या माळ्यावर असा एखादा गठ्ठा असेल तर तो फ्लोरेन्स प्राइस यांच्या गठ्ठ्याइतकाच मोलाचा आहे, आणि रद्दीवाल्याकडे जाण्याआधी तो कुणीतरी उघडून पाहावा असं मला फार मनापासून वाटतं.

कौफमन यांची हस्तलिखितं अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात आहेत आणि २०२० मध्ये टोरंटोच्या एआरसी आँसाँब्ल या वादकसमूहानं त्यांच्या काही चेंबर रचनांचं ध्वनिमुद्रणही प्रसिद्ध केलं. त्यात दुसरी व्हायोलिन सोनाटा आहे आणि आम्हाला ती हवी होती. पण इथे हक्कांचा प्रश्न येतो, आणि हौशी मंडळी नेमकी याकडेच काणाडोळा करतात. भारतात संगीतरचनेचा स्वामित्वहक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. आधी ही मुदत ५० वर्षांची होती, रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क संपत आला तेव्हा ती वाढली. कौफमन १९८४ मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या रचना निदान २०४४ संपेपर्यंत संरक्षित. मृत्यूनंतर प्रथमच प्रकाशित झालेल्या रचनेची ६० वर्षं तर प्रकाशनापासून मोजतात. त्यामुळे प्राइस १९५३ मध्ये गेल्या असल्या तरी २००९ मध्ये सापडून मग छापलेलं त्यांचं संगीत मोकळं आहे असं गृहीत धरता येत नाही. हौशी मंडळानं विनातिकीट श्रोत्यांपुढे वाजवलं तर कायद्यात सवलत आहे, पण ती वाजवण्यापुरती. छापील भाग झेरॉक्स करून वाटण्याला ती लागू होत नाही. आम्ही कौफमन यांच्यासाठी रीतसर पत्रव्यवहार सुरू केला आणि पहिला कार्यक्रम त्यावाचून आखला.

मुंबईचा धागा मग वेगळ्याच बाजूनं आला. वनराज भाटिया पॅरिसला ज्यांच्याकडे शिकले त्या नादिया बुलांजे. त्यांची धाकटी बहीण लिली. १९१३ मध्ये संगीतातलं ‘प्री द रोम’ हे फ्रान्सचं मानाचं पारितोषिक मिळवणारी ही पहिली स्त्री १९१८ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी गेली. शेवटच्या आजारपणात तिनं एकाच स्वरकल्पनेतून दोन रचना केल्या, एक उदास संध्याकाळ आणि एक वसंतातली सकाळ. दोन्ही पियानो ट्रिओसाठीही आहेत. लिलीचं संगीत टिकलं त्यात नादियाचा वाटा फार मोठा. ती पुढे कितीतरी दशकं जगली आणि जमेल तिथे बहिणीच्या रचना वाजवून घेत राहिली. पुन्हा पुन्हा प्रयोग लावणारं माणूस मागे असलं की काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता हेन्सेल. त्यांचा ट्रिओ साधारण पंचवीस मिनिटांचा, आमच्या आवाक्यातला आणि अस्सल. मुलगी चौदा वर्षांची असताना वडिलांनी तिला लिहिलं होतं, की फेलिक्सचा संगीत हा कदाचित व्यवसाय होईल, तुझ्यासाठी तो फक्त दागिना असू शकतो. तिनं साडेचारशेहून अधिक रचना केल्या आणि बर्लिनच्या आपल्या घरी रविवारच्या मैफली चालवल्या. हा ट्रिओ एप्रिल १८४७ मध्ये धाकट्या बहिणीच्या वाढदिवसाला घरीच वाजला. १४ मे रोजी पुढच्या मैफलीच्या तालमीतच तिला झटका आला आणि त्याच दिवशी ती गेली.

याच्या जोडीला काय ठेवायचं यावर आमच्यात वाद झाला. चेलोवादकाचं म्हणणं, फेलिक्सचाही डी मायनर ट्रिओ आहे, १८३९ चा, गाजलेला. बहीण-भाऊ एकाच संध्याकाळी, एकाच स्वरपट्टीत. लोकांना गोष्टही आवडेल. कल्पना आकर्षक होती आणि मी तिला ठाम नकार दिला. तसं केलं की श्रोता सबंध वेळ तुलना करत बसतो, आणि फॅनी पुन्हा एकदा फेलिक्सची बहीण होऊन घरी जाते. तसंच, एका संस्थेनं ८ मार्चला स्त्री संगीतकारांची खास संध्याकाळ करा, सभागृह देतो असं सांगितलं. तेही आम्ही घेतलं नाही. हेतू चांगलाच होता, पण ९ मार्चला ही नावं पुन्हा कपाटात जातात. मला हे संगीत एखाद्या साध्या शनिवारी, जिथे एरवी ब्राम्स वाजला असता त्या जागी, हेडनच्या शेजारी ऐकायचं होतं.

म्हणून क्रम ठरला: हेडनचा जी मेजरमधला ‘जिप्सी रोंडो’ ट्रिओ, बुलांजेच्या दोन रचना, मध्यंतर, आणि उत्तरार्धात हेन्सेल. पार्ल्याचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनी आयुष्यभर ख्याल ऐकला आहे. क्रम पाहून ते म्हणाले, “अगं, ओळखीचं शेवटी ठेव. माणूस ओळखीचा सूर घेऊन घरी गेला पाहिजे.”

“काका, मैफलीत शेवटी कोण बसतं?”

“ज्येष्ठ कलाकार.”

“मग या कार्यक्रमात ज्येष्ठ हेन्सेलबाई.”

काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बरं. पण मग ते तसं वाजलं पाहिजे.” आम्हाला मिळालेली ही सगळ्यात नेमकी सूचना होती. अपरिचित रचना कच्ची वाजली की दोष रचनेच्या माथी येतो. बेथोव्हेन वाईट वाजला तर लोक वादकाला बोलतात, हेन्सेल वाईट वाजली तर म्हणतात, उगाच नाही विसरले. म्हणून तालमीचा मोठा वाटा तिला दिला. पहिल्या भागाच्या सुरुवातीला व्हायोलिन आणि चेलो सप्तकाच्या अंतरानं एकच लांब स्वराकृती गातात आणि पियानोत द्रुत स्वरांची अखंड धाव चालू असते. पियानोवादकानं जरा हात सोडला की दोन्ही तंतुवाद्यं बुडतात. तिसरा भाग छोटा, त्याला तिनं नावच ‘गीत’ असं दिलं आहे. तो सोपा दिसतो, पण लय किंचित ओढली तरी त्याचा जीव जातो.

मुंबईच्या म्हणून काही गोष्टी होत्या. रविवार टाळला, कारण मेगाब्लॉकच्या दिवशी बोरिवली किंवा ठाण्याहून कुणाला बोलवणं म्हणजे अन्याय. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे मोसम फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या आसपास असतात, तेव्हा या संगीताचा श्रोता नरिमन पॉइंटला असतो, म्हणून तेही दिवस सोडले. आणि पियानो. समुद्राकाठच्या दमट हवेत साउंडबोर्डचं लाकूड फुगून सूर चढतो, एसीनं हवा कोरडी झाली की उतरतो. दादरच्या सभागृहात एसी सुरू करून खोली थंड झाल्यावरच ट्यूनरला हात लावू दिला, नाहीतर मध्यंतरापर्यंत पियानो एकीकडे आणि व्हायोलिन दुसरीकडे गेलं असतं.

निवेदन किती करायचं हा प्रश्न मला वाटला होता त्यापेक्षा नाजूक निघाला. आपल्याकडे निवेदनाशिवाय कार्यक्रम सुना वाटतो. पण अशा रचनाकारांबाबत आधी दुःखाची कहाणी सांगितली की श्रोते रचना कणव म्हणून ऐकतात. वडिलांचं पत्र, अकाली मृत्यू, सगळं मनात ठेवून प्रत्येक मायनर सुरात हुंदका शोधतात. म्हणून आयुष्याची गोष्ट कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या पानावर मराठीत छापली, आणि वाजवण्याआधी फक्त संगीताबद्दल बोललो. मुख्य स्वराकृती चेलोवर एकदा वाजवून दाखवली, तीच पुढे पियानोत कुठे येईल ते सांगितलं, आणि सुरुवात केली. पार्ल्यात दुसऱ्या भागापर्यंत पुढच्या रांगेतल्या एक आजी त्या स्वरांवर मान हलवू लागल्या होत्या.

बुलांजे सगळ्यांना रुचली नाही, आणि ते मांडायला हवं. हेडनच्या हसऱ्या रोंडोनंतर थेट ती काळोखी संध्याकाळ लोकांना जड गेली. दादरला आम्ही क्रम बदलून आधी सकाळ आणि मग संध्याकाळ वाजवली. तीच स्वरकल्पना हलक्या रूपात कानावरून गेलेली असली की तिचं गडद रूप ऐकायला कान तयार असतो. दादरला सभागृहात शांतता टिकली. तरीही मध्यंतरात एक गृहस्थ मला म्हणाले, “ताई, हेडन छान, ते फ्रेंच मात्र माझ्यासाठी नाही.” ते उत्तरार्धाला थांबले, आणि वांद्र्यालाही आले.

या पुन्हा येणाऱ्या लोकांमुळेच आमची अट योग्य होती हे कळलं. पार्ल्याला येऊन दादरला पुन्हा आलेल्यांची संख्या मोठी नव्हती, पण त्यांचं बोलणं वेगळं होतं. पहिल्या वेळी सगळे रचनाकर्तीबद्दल विचारत: कोण होती, भावानं काय केलं. दुसऱ्या वेळी रचनेबद्दल विचारू लागले. शेवटच्या भागाच्या सुरुवातीला पियानो एकटाच इतका वेळ का बोलतो, ‘गीत’ इतक्या लवकर का संपतं. आमच्यातही तेच झालं. पार्ल्यात आम्ही चुका न करता पोहोचलो. वांद्र्याच्या हॉलमध्ये आवाज रेंगाळतो, तिथे पहिल्या भागाची लय थोडी खाली आणावी लागली, आणि त्या सैलपणात आम्हाला एकमेकांचे श्वास ऐकू आले. असं वाजवणं पहिल्या वेळी कुणालाच जमत नाही. ओळखीच्या रचनांना ही सवड शतकभर मिळत आली आहे.

वांद्र्यानंतर पुण्याच्या तीन विद्यार्थ्यांनी आमच्या प्रती मागितल्या. रचना स्वामित्वहक्कातून केव्हाच मोकळी झालेली असल्यानं अडचण नव्हती. बो, म्हणजे गज, कुठे बदलायचा, बोटं कोणती, लय कुठे जपायची, अशा पेन्सिलीच्या सगळ्या खुणांसकट भाग स्कॅन करून पाठवले. त्यांची तालीम सुरू झाली आहे. पुढच्या मोसमात आम्ही एमी बीच यांचा १९३८ चा ट्रिओ घेतो आहोत, त्या १९४४ मध्ये वारल्या, म्हणजे आपल्याकडे हक्काचा अडसर नाही. ठाण्यात बीचबरोबर हेन्सेलही पुन्हा वाजेल. कौफमन यांच्या सोनाटाच्या परवानगीची वाट पाहतो आहोत. ती आली तर एक तारीख पुरणार नाही, म्हणून दादरच्या शाळेकडे आणि काकांकडे, दोन्हीकडे शब्द टाकून ठेवला आहे.